खोक्यातला हेन्री आणि तिसरीचा वर्ग

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या एका उपनगरातली ही सरकारी प्राथमिक शाळा. तिसरीचा वर्ग, म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलं. निम्म्याहून अधिक गोरी, बरीचशी भारतीय आणि चिनी घरांतली, आणि कृष्णवर्णीय मुलगी एकच. तिला इथे नाओमी म्हणू. मी या शाळेत वाचनशिक्षिका आहे. वर्ग माझा नव्हे, पण पुस्तकं निवडताना शिक्षक माझ्याशी बोलतात आणि वाचनात अडखळणारी मुलं रोज थोडा वेळ माझ्याकडे येतात. वर्गशिक्षिका आणि नाओमीची आई या दोघींच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये एका आठवड्यापासून सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि गुलामीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय लेखक फ्रेडरिक डग्लस या दोघांचे वाढदिवस त्या आठवड्यात येतात, म्हणून फेब्रुवारी. १९७६ पासून त्याचा महिना झाला. आमच्याकडे याचा व्यवहारात अर्थ असा, की कृष्णवर्णीय माणसांची पुस्तकं १ फेब्रुवारीला वाचनालयातल्या पुढच्या टेबलावर येतात आणि मार्च लागला की परत कपाटात जातात. या प्रकरणाची मुळं मला त्या टेबलातच दिसतात.

या वयाच्या मुलांना इतिहास गोष्टीतूनच शिकवावा लागतो, यावर शाळेत कोणाचं दुमत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाला शतक म्हणजे काय हे कळत नाही. त्याला माणूस कळतो, त्याची आई कळते, त्याला कोणी घराबाहेर काढलं तर तो कुठे झोपला असेल हा प्रश्न पडतो. गोष्टीची हीच ताकद इथे उलटली.

काय घडलं

वर्गशिक्षिकेने महिन्याची सुरुवात हेन्री ब्राऊनच्या गोष्टीने केली. हेन्री हा व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातल्या तंबाखूच्या कारखान्यात राबणारा गुलाम. १८४८ मध्ये त्याची गरोदर बायको नॅन्सी आणि तीन मुलं विकली गेली आणि नॉर्थ कॅरोलिनाला नेली गेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये हेन्री एका लाकडी खोक्यात बसला आणि मालाच्या गाडीतून फिलाडेल्फियाला रवाना झाला. खोकं तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट आठ इंच खोल. सोबत थोडं पाणी आणि काही बिस्किटं. घोडागाडी, आगगाडी, आगबोट, पुन्हा आगगाडी असा २७ तासांचा प्रवास. ‘ही बाजू वर’ असं लिहूनही हमालांनी खोकं उलटं ठेवलं आणि हेन्री बराच वेळ डोक्यावर उभा राहिला. फिलाडेल्फियात झाकण उघडलं तेव्हा तो बाहेर येऊन म्हणाला, “कसे आहात, मंडळी?”

मुलं या गोष्टीने थरारून जातात, आणि जायलाच हवीत. शिक्षिकेने गालिच्यावर चिकटपट्टीने त्या खोक्याचा तळ आखला, दोन बाय तीन फूट, आणि एकेकाला आत गुडघे पोटाशी घेऊन बसायला सांगितलं. रांग लागली. हसणं-खिदळणं सुरू झालं. कोण किती वेळ टिकतो, याची जणू स्पर्धाच लागली.

दुपारच्या सुट्टीत मुलांना व्हरांड्यात खुर्च्यांचं एक रिकामं खोकं सापडलं. वर्गातला खेळ बाहेर आला. आरव नावाच्या मराठी मुलाने (नाव अर्थात बदललेलं) नाओमीला म्हटलं, “तू हेन्री हो ना, तू खरी वाटशील.” ती आत बसली. पुस्तकात खोकं उलटतं म्हणून मुलांनी ते आडवं केलं. ती बाहेर आली तेव्हा सगळ्यांबरोबर हसत होती. सुट्टीत देखरेखीला असलेल्या सहायिकेला यात काही वावगं दिसलं नाही.

रात्री झोपताना नाओमीने आईला विचारलं, “मला पण कोणी विकलं असतं का?”

आईची मेल पहाटेच मुख्याध्यापकांना आली होती.

नेमकी अडचण काय होती

पहिल्या बैठकीत सगळं बोलणं आरवभोवती फिरत होतं. त्याला वर्णद्वेषी म्हणायचं का, त्याच्या आईवडिलांना बोलवायचं का. माझ्या मते ही पहिली चुकीची वाट. आरवने वाईट हेतूने काहीच केलं नाही. गोष्टीने जे शिकवलं, ते त्याने बिनचूक उचललं: खोक्यात बसतो तो काळा माणूस, आणि आपल्या वर्गात तसं माणूस एकच आहे. त्या वर्षी वर्गात कृष्णवर्णीय पात्र असलेलं ते पहिलंच मोठं वाचन होतं. सप्टेंबरपासून मोठ्याने वाचलेल्या गोष्टींत कुत्रे होते, ड्रॅगन होते, गोरी मुलं होती, दिवाळीची एक गोष्ट होती. कृष्णवर्णीय माणूस मुलांना पहिल्यांदा भेटला तो बेड्यांसकट.

दुसरी गोष्ट गालिच्यावरच्या त्या चौकटीची. गुलामगिरीचं नाट्य वर्गात करू नये, असा इशारा इथल्या शिक्षक-प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत दिला जातो, आणि तो योग्यच आहे. दोन मिनिटं चौकटीत बसून मुलाला २७ तास कळत नाहीत. उलट ते सोपं होतं असं कळतं. बसून दाखवणाऱ्याला ती गंमत वाटते आणि ज्याच्या पणजोबांचा तो इतिहास आहे त्याला ती थट्टा वाटते.

आणि नाओमी. तिच्या आईने फोनवर मला सांगितलं, “परवापर्यंत माझी मुलगी वर्गातली सगळ्यात चांगली पोहणारी होती. आज ती हेन्री आहे.”

कोणते मार्ग समोर होते

मुख्याध्यापकांचा कल सगळं थांबवण्याकडे होता. त्यांनी पालकांना पाठवायचं पत्रही लिहून ठेवलं होतं: हा विषय या वर्षापुरता स्थगित, त्याऐवजी थोर व्यक्तींचे तक्ते. त्यांची भीती मी समजू शकते. २०२१ पासून अनेक राज्यांत वंशभेदाबद्दल वर्गात काय बोलावं यावर कायदे आले आहेत. टेनेसीत रूबी ब्रिजेसच्या (गोऱ्यांच्या शाळेत एकटी गेलेल्या कृष्णवर्णीय मुलीच्या) लहानपणावरच्या पुस्तकाविरुद्धही पालकांच्या गटाने तक्रार केली होती. आमच्या राज्यात तसा कायदा नाही, पण भीतीला राज्याची सीमा नसते.

दुसरा मार्ग समुपदेशकांनी सुचवला: उरलेल्या तासांना नाओमीला वाचनालयात बसवावं. तिच्या सोयीसाठी, असं म्हणत. इतिहास तिचा, आणि वर्गाबाहेर जायचं तिनेच! याला मी तिथेच विरोध केला.

तिसरा मार्ग आनंदी पुस्तकांचा, आणि तो सगळ्यात फसवा. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉलस्टिक या मोठ्या प्रकाशनाने एक चित्रपुस्तक बाजारातून मागे घेतलं. त्यात जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलीस आपल्या मुलीबरोबर हसतमुखाने मालकाचा वाढदिवसाचा केक करताना दाखवला होता. खरा हर्क्युलीस फेब्रुवारी १७९७ मध्ये, वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच, माउंट व्हर्ननहून पळून गेला, आणि त्याची मुलगी गुलामीत मागे राहिली. मुलांना दुःखापासून वाचवायला म्हणून सांगितलेली गोष्ट अशी खोटी होऊन बसते.

चौथा मार्ग माझा होता: विषय थांबवायचा नाही, क्रम बदलायचा. पण त्याआधी एक आग्रह मी धरला. पत्र जाण्यापूर्वी नाओमीच्या आईला विचारा की तिला काय हवं आहे. तोवर सगळे तिच्या वतीने बोलत होते आणि तिच्याशी कोणीच बोललं नव्हतं.

निर्णयाचा क्षण

आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. विषय बंद करा असं ती म्हणाली नाही. तिच्या घरात हेन्री ब्राऊन, स्वतः पळून मग इतर गुलामांना सोडवणारी हॅरिएट टबमन ही नावं नाओमी चालायला लागल्यापासून होती. तिचं म्हणणं एवढंच, की आमची गोष्ट तिथून सुरू होत नाही, आणि माझी मुलगी तुमच्या पुस्तकातलं चित्र नाही. मुख्याध्यापकांनी पत्र बाजूला ठेवलं. या एका संभाषणाने जे सुटलं ते आधीच्या बैठकांतून सुटलं नसतं, आणि ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

त्याच बैठकीत मी १९९८ सालचं ब्रुकलिनमधलं एक उदाहरण मांडलं. तिसरीच्या एका तरुण गोऱ्या शिक्षिकेने कृष्णवर्णीय मुलीच्या कुरळ्या केसांचं कौतुक करणारं पुस्तक वर्गात वाचलं. पुस्तक लिहिणारी लेखिका स्वतः कृष्णवर्णीय होती आणि मुलांना ते फार आवडलं होतं. पण लोकांच्या हातात पडल्या त्या काही पानांच्या काळपट झेरॉक्स प्रती, आणि त्यांना ती थट्टा वाटली. सभा भरली, धमक्यांपर्यंत मजल गेली आणि त्या शिक्षिकेने शाळा सोडली. जमलेल्यांपैकी बहुतेकांची मुलं तिच्या वर्गात नव्हतीच. यावरून ठरलं की पुढची सगळी पुस्तकं आधी पालकांसाठी वाचनालयात मांडायची. पूर्ण पुस्तकं, झेरॉक्स नाही.

काय केलं

सगळ्यात आधी वर्गशिक्षिका मुलांशी बोलली. नाओमीचं नाव न घेता, कोणालाही उभं न करता. “गालिच्यावर मी जी चौकट आखली, ती आखायला नको होती. हेन्रीचं दुःख हा खेळ नाही, आणि कोणत्याही मित्राला त्याच्या रंगावरून भूमिका द्यायची नाही.” तिने हे थोडक्यात सांगितलं, सबबी दिल्या नाहीत. मुलं गप्प झाली आणि मग पुढच्या तासाच्या तयारीला लागली. मोठ्यांना अशी कबुली जड जाते, मुलांना ती सरळ पोचते.

मग पुस्तकांचा नवा क्रम लागला. पहिला आठवडा अशा गोष्टींचा, जिथे कृष्णवर्णीय मूल फक्त मूल आहे. एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ तिसरीला जरा लहान वाटतं, तरी आम्ही ते घेतलं. लाल पोशाखातला पीटर बर्फात पावलं उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो, आणि तो वितळतो. पुस्तक १९६२ चं. त्याआधी असं पुस्तक मिळणं किती दुर्मीळ होतं हे सांगितल्यावर मुलांनीच विचारलं, “मग तेव्हाची काळी मुलं काय वाचायची?” त्या प्रश्नाने आम्ही मागे गेलो. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी १९२० मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक काढलं आणि ते दोन वर्षं चाललं. मुलांनी त्याची जुनी पानं पडद्यावर पाहिली. आपल्याच वयाच्या वाचकांची शंभर वर्षांपूर्वीची पत्रं आणि फोटो बघताना ती जागची हलेनात.

दुसऱ्या आठवड्यात अनान्सी. घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींतला हा आठ पायांचा कोळी, लहानखुरा आणि बेरकी. गुलामांच्या जहाजांतून ही गोष्ट जमैकात पोचली. माणसांकडून सगळं काढून घेतलं गेलं तरी त्यांनी गोष्टी सोबत नेल्या, हे मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवलं. गुलामगिरीचा उल्लेख या आठवड्यात पहिल्यांदा आला, आणि तो आला तेव्हा मुलांच्या मनात ज्यांना पकडून नेलं त्यांचा देश, भाषा आणि विनोद आधीच होता.

मग रूबी ब्रिजेस. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लीन्स. सहा वर्षांची रूबी चार केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. पालकांनी आपापली मुलं काढून घेतली आणि बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला शिकवलं. रूबीच्या वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या तिच्या आजी-आजोबांनाही हाकललं गेलं. फळ्यावर आम्ही एकच प्रश्न लिहिला: कोणी काय केलं? मार्शलांनी काय केलं, शिक्षिकेने काय केलं, बाहेर ओरडणाऱ्या बायकांनी काय केलं, घरात गप्प बसलेल्या शेजाऱ्यांनी काय केलं. शेवटच्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. एका मुलाने विचारलं, ती अजून आहे का. आहे, आणि तुमच्या आजीच्या वयाची आहे, हे ऐकून वर्गात जी कुजबुज झाली ती मला कुठल्याही परीक्षेपेक्षा महत्त्वाची वाटते.

शेवटी हेन्री परत आला. या वेळी प्रश्न त्याच्या बेताविषयी. मदत कोणी केली? जेम्स स्मिथ या मुक्त कृष्णवर्णीय माणसाने आणि सॅम्युएल स्मिथ या गोऱ्या दुकानदाराने. पैसे किती लागले? साठवलेल्या १६६ डॉलरपैकी ८६. कामावरून सुटी कशी मिळवली? हातावर तेजाब ओतून. इथे मुलांनी आपापले हात मागे ओढले. नंतर काय झालं? आणखी गुलामांना असंच पाठवताना सॅम्युएल स्मिथ पकडला गेला आणि तुरुंगात गेला. ही युक्ती जाहीर करायला नको होती, असं डग्लसने पुढे लिहिलं, कारण गुप्त राहिली असती तर अजून कितीतरी जण सुटले असते. हे बरोबर की चूक, यावर तिसरीची मुलं तावातावाने भांडली. बिचारा हेन्री, असं कोणी म्हणालं नाही.

मराठी घरातून आलेला प्रश्न

पालकांसाठी पुस्तकं मांडली त्या संध्याकाळी आरवचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, माझ्या मुलाला गुन्हेगार ठरवू नका हो. आणि खरं सांगू का, आपला या सगळ्याशी संबंध काय? आपण तर आत्ता आलो इथे.”

पहिल्या वाक्यात ते बरोबर होते, आणि मी ते मान्य केलं. दुसऱ्याबद्दल मी त्यांना जोतीराव फुल्यांची आठवण दिली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ च्या डिसेंबरात. १८७३ मध्ये फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून ज्या माणसाला हा संबंध दिसला, त्याच्या भाषेत आपण बोलतो.

आरवची आई म्हणाली, “अहो, कार्व्हर नाही का आपला?” शाळेत बक्षीस मिळालेलं वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, त्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचं चरित्र, तिच्याजवळ अजून होतं. आठवडाभर घरात त्याचं वाचन झालं आणि आरव वर्गात छाती फुगवून सांगून आला की पीनट बटर कार्व्हरने शोधलं. ते खरं नाही. शेंगदाण्याचे शेकडो उपयोग त्याने सांगितले, पीनट बटर मात्र त्याचं नव्हे. शिक्षिकेने ते तिथेच दुरुस्त केलं आणि कार्व्हरची दुसरी बाजू सांगितली: कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, आणि तो दारात उभा राहिल्यावर रंग पाहून नाकारला.

महाराष्ट्रात कार्व्हर घरोघरी लाडका आहे याचा मला आनंद आहे. पण आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो आणि दार लावणाऱ्यांबद्दल थांबून विचारत नाही. आपल्याकडे वर्गात साताऱ्याच्या शाळेतल्या लहान भीमरावांची गोष्ट सांगितली जाते, घरून आणलेल्या तरटावर वेगळं बसलेल्या, शिपाई नसला की पाण्यावाचून राहणाऱ्या मुलाची. तेव्हा वर्गातले काही डोळे कोणाकडे वळतात हे मराठी शिक्षकांना ठाऊक आहे. नाओमीच्या बाबतीत जे घडलं ते तिथे रोज घडू शकतं.

परिणाम

नाओमीला कोणीही काही बोलायला सांगितलं नाही. हे ठरवून केलं होतं. पहिले दोन आठवडे ती गप्पच होती. हेन्रीच्या शेवटच्या तासाला तिने हात वर केला: “त्याला त्याची मुलं सापडली का?”

पुस्तक फिलाडेल्फियात आनंदाने संपतं. शिक्षिकेने खरं उत्तर दिलं: नाही, त्यांची पुन्हा भेट झाली नाही. मग तिने विल्यम स्टिल यांच्याबद्दल सांगितलं. खोकं उघडताना ते हजर होते. पळून आलेल्या प्रत्येकाची हकिकत हा कृष्णवर्णीय माणूस लिहून ठेवायचा, ताटातूट झालेल्यांना कधीतरी एकमेकांचा माग लागावा म्हणून. १८५० मध्ये एक अनोळखी माणूस आपल्या घरच्यांचा शोध घेत त्यांच्या कचेरीत आला. त्याची हकिकत ऐकता ऐकता स्टिल यांच्या लक्षात आलं की समोर बसलेला माणूस आपला सख्खा भाऊ पीटर आहे. नाओमीने ते नाव वहीत लिहून घेतलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका कुटुंबाने हेन्रीच्या तासाला मुलाला घरी ठेवलं. नाओमी आणि तिची जुनी मैत्रीण, जिने ते खोकं आडवं केलं होतं, त्या वर्षी पुन्हा एकत्र बसल्या नाहीत. आरवने स्वतःहून माफी मागितली, पण नाओमीच्या आईने तिला “माफ केलं” म्हणायला लावलं नाही. ते तिने योग्य केलं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात सप्टेंबरात व्हायला हवी होती. वर्गातल्या पुस्तकांची झाडाझडती घेतली असती तर फट आधीच दिसली असती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्राने १९८५ मध्ये मोजलं तेव्हा आलेल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती १८. आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे, म्हणून कपाटात आपोआप ती पुस्तकं येतील असं धरून चालणं हीच चूक. शिवाय देखरेखीला असलेल्या सहायिकेला वर्गात काय वाचलं गेलं हे माहीत असायला हवं होतं. खेळ मैदानावर जातोच.

पुढच्या वर्षीसाठी शाळेने बऱ्याच गोष्टी बदलल्या: पुस्तकं वर्षभर विखुरली, नाट्यीकरणावर बंदी आणली, पालकांना आधी पुस्तकं दाखवायची पद्धत लागू केली. एका निर्णयाशी मात्र मी सहमत नाही. हेन्रीची गोष्ट पाचवीत हलवली आहे. तिसरीतली मुलं डग्लसच्या बाजूने आणि विरुद्ध कशी भांडली, ते मी पाहिलं आहे. ती पुन्हा तिसरीत आणावी असा अर्ज मी दिला आहे आणि त्यावर नाओमीच्या आईची सही आहे.